आतली गोधडी

पावसात बिऱ्हाड हलवायचं तर आधी काय आवरावं? मी विटांच्या घरात वाढलेली, मला वाटलं भांडी. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात मी चुलीपाशी बसून पातेली एकात एक घालायला लागले, तर सासूनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"भांडं भिजलं तर पुसशील," ती म्हणाली. "अंथरूण भिजल्यावर काय पुसशील?"

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि जायला फार वेळ लागतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सगळं माझ्याच तोंडून ऐकताय याची आठवण राहील.

माझं माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं. माझ्या आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. वडिलांनी ती विकून विहीर खणली, ऊस आणि भाजीपाला केला, आणि मला दहावीपर्यंत शिकवलं. मग त्याच वडिलांनी मला शिरूरकडच्या अशा घरात दिलं जिथं मेंढरं अजून फिरत होती. "पोरगा गुणी हाय, आज ना उद्या मेंढरं इकतील," असं ते म्हणाले होते. नव्वदची वर्षं अर्धीअधिक संपली होती, गावात केबल आली होती, आणि मी घोडीमागून चालत होते. फिरत्या बिऱ्हाडाच्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. त्याला ना भिंत ना दार. माझ्या मैत्रिणींना मी "वाड्यावर असते" असं सांगायचे तेव्हा त्यांना वाटायचं, हिचं बरं चाललंय.

वाड्यावर आम्ही तिघं होतो. सासू, माझा नवरा आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. नवरा पहाटे मेंढरं घेऊन पुढं निघायचा. मागं मुक्कामाचं कापडी पाल उतरवायचं, सगळा संसार घोडीवर लादायचा आणि नव्या जागी पोचून चूल पेटवायची, हे बायकांचं काम. त्यातही अंथरुणं बांधणं हे फक्त सासूचं. मला दोराला हात लावू देत नव्हती.

तिची पद्धत मात्र बघण्यासारखी होती, हे रागातही कबूल करते. पाऊस असला की पाल सगळ्यात शेवटी उतरायचं. त्याच्याखाली जी काही कोरडी जागा असेल तिथं पोतं टाकून, गुडघ्यांवर बसून ती एकेक गोधडी घ्यायची आणि तिच्यावरून हाताची उलटी बाजू फिरवायची. तळव्याला घट्टे पडलेले, त्याला ओल कळत नाही. ओलसर लागेल ते डाव्या हाताला, कोरडं ते उजव्या हाताला. ओल्याचा कोरड्याला स्पर्शसुद्धा होऊ द्यायची नाही, जसा काही विटाळ होणार होता. सगळ्यात कोरडी, सगळ्यात मऊ गोधडी मधोमध. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, बाहेरून जाड घोंगडी, आणि मग दोर. दोराची गाठ नेहमी खालच्या अंगाला आणि टोक खाली लोंबतं ठेवलेलं. पाणी दोरावरून ओघळत येतं आणि टोकावरून गळून जातं. गाठ वर आली तर तेच पाणी गाठीतून वळकटीत शिरतं.

मधल्या त्या गोधडीला ती "आतली" म्हणायची. आतली सगळ्यांसाठी नव्हती. बाळंतीण, तान्हं मूल किंवा तापानं फणफणलेलं माणूस, एवढ्यांचाच तिच्यावर हक्क. सासूच्या स्वतःच्या अंगावर मी ती कधी पाहिली नाही.

मला मुलगी झाली ती माहेरी, श्रावणात. जन्मापासूनच तिच्या छातीत घुरघुर होती. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला ओल आणि धूर यांपासून जपा. वाड्यावर या दोन गोष्टींशिवाय दुसरं काय असतं! दसरा झाल्यावर नवरा न्यायला आला तेव्हा मी आईच्या गळ्यात पडून रडले. पण सासूनं मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, कान तिच्या छातीला लावला, आणि आतली गोधडी काढून तिच्याखाली घातली. त्या दिवशी मला सासू आवडली. हेही खरं आहे.

त्या वर्षी परतीचा पाऊस जाता जात नव्हता. आम्ही खुटबावच्या शिवारात, नदीकडच्या काळ्या रानात मेंढरं बसवली होती. मेंढरांच्या लेंड्यांनी रान कसदार होतं म्हणून शेतकरीच बोलावून घेतो आणि बदल्यात धान्य देतो. पण काळ्या रानात पाऊस धरला की मेंढराचे खूर चिखलात कुजायला लागतात. दोन दिवस वाट बघून नवरा म्हणाला, आता मुरमाड माळावर गेलंच पाहिजे, पाऊस थांबो की न थांबो. मुलीचा खोकला आदल्या रात्रीपासून वाढला होता. मी म्हणाले, आज नको. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मेंढरं लंगडायला लागल्यात." त्याच्या दृष्टीनं तिथं बोलणं संपलं.

पावसातच आवरलं. सासूनं त्या दिवशी फार वेळ लावला. आतली गोधडी तिनं उलट्या हातानं दोनदा पाहिली, घोंगडी दुहेरी गुंडाळली, वरून खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद लावला आणि गाठ खाली घेतली. मला बरं वाटलं. वाटेत काही होवो, संध्याकाळी पोरीला कोरडं अंथरूण आहे, एवढ्या एका गोष्टीवर मी चालत होते. मुलगी माझ्या छातीशी झोळीत, वरून घोंगडीची खोळ. तिच्या श्वासाचा आवाज मला पावसातही ऐकू येत होता.

नवरा कळप घेऊन पुढं गेला होता. व्यायला झालेल्या मेंढ्या मात्र आमच्याबरोबर मागं चालत होत्या. वाटेतच दोन व्याल्या. एकीला जुळं झालं. तीन कोकरं, चिकट, थरथरणारी, आणि वरून पाऊस आणि गार वारं. एरवी नव्या कोकरांना घोडीवर सामानाच्या वर पोत्यात बसवायचं अशी रीत, पण त्या दिवशी वरचं सगळंच भिजलं होतं. सासूनं एका बाभळीखाली घोडी थांबवली आणि वळकटीचा दोर सोडायला लागली.

मला वाटलं, पोरीसाठी. मनात म्हटलं, म्हातारीनं ऐकला वाटतं हिचा श्वास. मी पुढं झाले, खोळ बाजूला केली, आणि मुलीला झोळीतून काढायला लागले. सासूनं घोंगडी उलगडली, दुसरी गोधडी उलगडली, आतली बाहेर काढली, आणि तिन्ही कोकरं तिच्यात ठेवून चारी बाजूंनी दुमडून घेतली. मग ते गाठोडं तसंच घोडीवर चढवलं. मी अर्धवट बाहेर काढलेली मुलगी हातात घेऊन उभी होते. तिच्या टाळूवर पाऊस पडत होता. सासूनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "झाक तिला. अशी काय उभी ऱ्हायलीस?"

मुलीवर खोळ ओढून मी घोडीमागून चालत राहिले.

माळावर पोचेपर्यंत दिवस कलला. तिथं सासूचा दुसरा हिशोबही चुकला. चुलीवर गोधडी तासाभरात सुकवता येईल असं तिनं धरलं होतं. पण सरपण असं भिजलं होतं की नुसता धूर निघाला, जाळ धरेना. गोधडी उलगडली तर कोकरांच्या अंगाचा चिकटा आणि मूत, सगळं तिच्यात मुरलेलं. बाकीच्या गोधड्या वाटेत वळकटी सोडली तेव्हाच ओल्या झाल्या होत्या. मुलीचं पोट श्वासाबरोबर खालीवर उडायला लागलं होतं. ती रडतही नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तेव्हा मी बोलले. सासूला उलटून बोलण्याची ती पहिली वेळ.

"आत्याबाई, नातीपरीस कोकरं मोठी व्हय तुम्हाला?"

ती गोधडी पिळत होती. तिचे हात थांबले.

"ती तुझ्या अंगावर हुती," ती म्हणाली. "कोकरांना कोण हुतं?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. खरंच विचारत असल्यासारखी ती म्हणाली, आणि त्यामुळं माझा संताप आणखी वाढला. तिच्या लेखी आईच्या अंगावरचं मूल म्हणजे कोरडं मूल. पिढ्यान् पिढ्या वाड्यावरच्या बायका हेच धरून चालत आल्या असणार. आधी ज्याला कुणी नाही त्याचं बघायचं, मग आपलं. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई ही चूक करणार नाही. गुजराण मेंढरावर, म्हणून त्यांचा जीव आधी, असंही मी पुढं स्वतःला समजावून पाहिलं. पण त्या संध्याकाळी माझ्या मांडीवर माझं लेकरू श्वासासाठी धडपडत होतं आणि पलीकडं तिन्ही कोकरं आयांना लुचत होती.

सासू उठली, माझ्या हातातून मुलीला घेतलं आणि सरळ मेंढरांत जाऊन बसली. एक जून, भरल्या लोकरीची मेंढी तिनं खाली दाबून बसवली, वरची ओली लोकर दोन्ही हातांनी बाजूला केली आणि मुलीची पाठ तिच्या अंगाला लावली. "आत हात घाल," मला म्हणाली. मी घातला. लोकरीच्या बुडाशी कोरडं होतं आणि ऊन ऊन लागत होतं. मुलीची थरथर हळूहळू थांबली, घुरघुर मात्र थांबली नाही. मी शेजारी चिखलात बसून राहिले. त्या उबेचा मला आधार वाटत होता आणि त्याच उबेचा मला तिटकारा आला होता.

उजाडता उजाडता नवऱ्यानं रस्त्यावर दुधाचा टेम्पो थांबवला आणि आम्ही केडगावला डॉक्टरांकडं गेलो, तिथून त्यांनी पुण्याला पाठवलं. न्यूमोनिया. काचेच्या पेटीत ठेवलेली माझी मुलगी मी बाहेरून बघत होते. नाकात नळी, एवढंसं तोंड, आणि तेच उडणारं पोट. देवाला मी काहीही कबूल केलं नाही. मी फक्त एक ठरवलं, ही वाचली तर हिला घेऊन मी पुन्हा घोडीमागं चालणार नाही.

ती वाचली. मी तिला घेऊन माहेरी गेले आणि तिथंच बसले. नवरा आला, समजावून गेला. परत आला, चिडून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दाढी वाढलेली होती. म्हणाला, "इकतो मेंढरं." कुरकुंभला एका ठेकेदाराकडं त्यानं शिफ्टचं काम धरलं. खुटबावला सासऱ्यांनी कधीकाळी घेतलेला जमिनीचा एक तुकडा होता, त्यावर आम्ही पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या.

मेंढरं विकली त्या दिवशी मी तिथं होते. व्यापाऱ्याचा टेम्पो मागं लावला होता. सासूनं कुणाला हात लावू दिला नाही. कळपात शिरून तिनं आधी तीन मेंढरं शोधून काढली, पाय धरून ओढत आणली आणि टेम्पोत चढवली. ती तीच कोकरं होती, आता अंगानं भरलेली. ती जगली होती याचा मला तोवर रोज राग यायचा. सासू मला काय सांगत होती ते मला कळलं. मी तोंड फिरवून आत गेले.

त्यानंतर त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मुलगी मोठी झाली, शाळेत गेली, पण पावसाळा आला की तिचा दमा उठायचा. तिला धाप लागली की सासू भिंतीला टेकून बसून राहायची, जेवायची नाही. मी नातीला वाफ द्यायचे, औषध द्यायचे, पंप द्यायचे, आणि मधूनच सासूकडं बघायचे. मी काही बोलत नसे. पण माझं बघणं कसं असायचं ते मला ठाऊक आहे.

घरात तिला काम उरलं नव्हतं. आम्ही दौंडच्या बाजारातून पलंग आणला, गादी आणली. गादी दिवसभर पसरलेलीच असते याचं तिला फार वाटायचं. "माणूस मेलंय का घरात," म्हणायची, "दिवसाढवळ्या अंथरूण घालून ठिवायला?" सकाळी उठून ती स्वतःची वाकळ गुंडाळून, दोरानं बांधून कोपऱ्यात उभी करायची. आतली गोधडी तिनं कितीदा धुतली होती. ती कायम नातीच्याच पांघरुणात असायची.

मुलीला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला ते वर्ष दोन हजार पंधराच्या आसपासचं. निघायच्या दिवशी सकाळपासून पाऊस. नवऱ्यानं चेनची मोठी बॅग आणली होती, पण अंथरूण काही तीत मावेना. सासू तोवर पार थकली होती, कानानं कमी ऐकू यायचं, बोटं वाकडी झालेली. ती सरकत सरकत पुढं आली, पोतं टाकलं आणि गुडघ्यांवर बसली. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. हॉस्टेलवर घोंगडीची वळकटी घेऊन जायची, या वयात! पण ती हसून म्हणाली, "असू दे आई, बांधू दे तिला."

उलटा हात गोधडीवरून फिरला. एकदा, मग परत. आतली मधोमध, वर चादर, वर घोंगडी. दोर आवळताना तिच्या हातात जोर नव्हता, म्हणून मी दुसरं टोक धरलं. इतक्या वर्षांत तिनं मला दोराला हात लावू दिला तो तेव्हा. गाठ खाली, टोक लोंबतं. जीप आली, वळकटी टपावर गेली, मुलगी गेली.

सासू दुपारभर उंबऱ्यात बसून होती. जेवायला बोलावलं तर "पोचू दे तिला" म्हणाली. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला माझा मोबाइल वाजला.

"आई, पोचले," मुलगी म्हणाली. "पण अंथरूण सगळं भिजलं गं. वाटेत ड्रायव्हरनं दुसरं सामान टाकताना वळकटी उलटी केली, गाठ वर आली. आतलीसुद्धा भिजली, पिळली तर पाणी निघालं. पण मैत्रिणीनं रजई दिलीय, पंप घेतलाय, मी बरीय. काळजी करू नको."

मी फोन ठेवला. सासू माझ्या तोंडाकडं बघत होती. ऐकू येईनासं झाल्यापासून ती ओठ बघायची.

"पोचली?"

"पोचली."

"आन् आतली?"

त्या माळावरच्या संध्याकाळपासून एक उत्तर माझ्या पोटात होतं. भिजली, आत्याबाई, आतपर्यंत भिजली. पूर्वी कितीदा तरी मी ते मनातल्या मनात तिला ऐकवलं होतं, प्रत्येक पावसाळ्यात, पोरीच्या प्रत्येक धापेला. आता ते खरंही होतं. मी फक्त तोंड उघडायचं होतं. आणि माझ्या लक्षात आलं की ती श्वास रोखून बसली आहे.

"कोरडी हाय," मी म्हणाले. तिला नीट दिसावं म्हणून परत म्हणाले, "ठणठणीत कोरडी."

तिनं श्वास सोडला. मान हलवली, परत हलवली. मग पदराशी चाळा करत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या टायमाला बी..."

माळावरचं तिचं ते म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिची हनुवटी माझ्याकडं वळवली, म्हणजे तिला माझे ओठ दिसतील.

"ती माझ्या अंगावर हुती, आत्याबाई," मी म्हणाले. "कोकरांना कोण हुतं?"